पद्माक्काचा डावा कौल

डावा कौल सांगायला माणूस पाठवायची रीत केव्हाच मोडीत निघाली होती. फोन वाजायचा, पडद्याच्या डाव्या बाजूला एक पाकळी गळून पडायची, की ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. पण हा कौल पडला होता सख्ख्या बहिणीच्या धंद्यावर, आणि 'लावून तर बघ' म्हणून तिच्या महिनाभर मागं लागलेली होती त्रिशला स्वतः. त्रिशला सल्लागार होती, आणि सल्लागाराला कौल एक दिवस आधी कळत असे. म्हणून तिनं पुण्याहून गाडी काढली आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत 'मगदूम कास्टिंग्ज'च्या दारात येऊन उभी राहिली. अक्काच्या तोंडाला ती लहानपणापासून भीत आली होती आणि पंचेचाळिशी गाठली तरी त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

पद्मजा मगदूम भट्टीपाशी उभी होती. वडील, म्हणजे अप्पा, गेल्यावर ही फाउंड्री तिनं एकटीनं चालवली होती, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता, आणि सगळी वसाहत तिला पद्माक्का म्हणायची. तिनं बहिणीचं ऐकून घेतलं, हातमोजे काढले, कपाळावरचा घाम पुसला.

"झालं सांगून? मग जेवून जा. आणि तुझ्या त्या मशिनीला म्हणावं, मी काय दुकान बंद करत न्हाई."

मी करतो, मी जातो, असंच अक्का बोलायची; कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी. त्रिशलाचं पुण्यात राहून 'करते, जाते' झालं होतं आणि अक्काला ते पटत नसे. जेवताना त्रिशलानं तिला समजवायचा प्रयत्न केला, की उद्या कौल जाहीर झाला की बँक हात आखडता घेईल, मालवाले उधारी बंद करतील, तेव्हा थोडं सबुरीनं घे. अक्का भाकरी मोडता मोडता म्हणाली की सबुरी अप्पांनी केली होती, ती आता घरात शिल्लक नाही.

आता हा कौल म्हणजे काय, ते सांगायला हवं. कोकणात देवापुढं कौल लावतात हे कुणाला ठाऊक नाही? गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुंबईतल्या एका कंपनीनं तेच नाव आपल्या यंत्राला दिलं. या यंत्राच्या पोटात कोट्यवधी खोटी माणसं राहत होती. खऱ्या माणसांची खरेदी, त्यांच्या सवयी, त्यांचे रुसवेफुगवे यांवरून घडवलेली. कुणी चहात साखर कमी करणारा, कुणी दिवाळीशिवाय खिशात हात न घालणारा. एखाद्या नव्या धंद्याची माहिती दिली की यंत्र तो धंदा या खोट्या मुलखात सोडून द्यायचं आणि तासाभरात त्याची पुढची दहा वर्षं जगून बघायचं. एकदा नव्हे, हजारो वेळा. कधी दुष्काळ पाडून, कधी स्पर्धक उभा करून. बहुतेक खेपेला धंदा तगला तर कौल उजवा, बुडाला तर डावा.

सुरुवातीला त्यानं खरोखर भलं केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याआधी पैसा ओळखीपाळखीवर मिळायचा. कुणाचा मामा बँकेत, कुणाचा वर्गमित्र फंडात. कौलाला मामा नव्हता. गडचिरोलीच्या पोरींना, धारणीच्या पोरांना उजवा कौल मिळाला आणि मुंबईचे पैसेवाले त्यांचं दार शोधत गेले. त्रिशलानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तिचा कौलावर जीव होता. पुढं सगळ्याच बँकांनी, फंडांनी, सरकारी योजनांनी तो लावून घेतला. कौलाप्रमाणं पैसा दिला आणि बुडाला तर कुणी जाब विचारत नसे. कौलाविरुद्ध देऊन बुडाला तर नोकरी गेलीच. मग डाव्याच्या वाट्याला जाणार कोण? कुणी नाही.

त्रिशलाचा धंदा यातूनच फोफावला. 'टिपणीस आणि मगदूम' ही सल्लागार पेढी नव्या उद्योगांना डावपेच आखून द्यायची, भांडवलाची वाट दाखवायची आणि मुख्य म्हणजे बोलायला शिकवायची. पूर्वी बोलायचं माणसांशी होतं, आता यंत्राशी. कौलाला कुठलं वाक्य पचतं, कुठल्यानं त्याला शंका येते, हे त्रिशलाइतकं महाराष्ट्रात कुणाला कळत नव्हतं. तिनं लिहिलेला अर्ज आणि डावा कौल, असं आजवर झालं नव्हतं. ते झालं ते नेमकं अक्काच्या बाबतीत. नशिबाला तरी काही लाज हवी होती.

अक्काची वस्तू साधी होती. दुधाचा कॅन, विजेशिवाय गार राहणारा. कॅनच्या दुहेरी भिंतीत ओलं अस्तर, आतली हवा काढून घेतलेली, आणि झाकणात झिओलाइट नावाचा सच्छिद्र दगड भरलेला. या दगडाला पाण्याची विलक्षण तहान असते. झाकणाची चावी फिरवली की तो अस्तरातल्या पाण्याची वाफ शोषून घेऊ लागतो, पाणी झरझर उडतं आणि उडताना दुधातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं, फक्त इथं ते फार जोरात होतं. दगड भरला की रिकामा कॅन पालथा घालून झाकण चुलवणावर तापवायचं, पाणी परत अस्तरात जातं आणि कॅन पुन्हा तयार. गुऱ्हाळाची भट्टी असेल तर दुधात साखर.

याची गरज कुणाला होती ते शाहूवाडीच्या डोंगरातल्या बायकांना विचारावं. उन्हाळे आता असे पडू लागले होते की संध्याकाळचं दूध सकाळच्या गाडीपर्यंत टिकत नसे, आणि गार नसलेलं दूध डेअरी उभ्या उभ्या परत पाठवायची. वाडीवर वीज येई-जाई तिच्या मर्जीनं. अर्धं दूध नासायचं. कित्येकींनी म्हशी विकल्या.

कौल जाहीर झाला आणि त्रिशला म्हणाली होती तसंच झालं. बँकेनं चालू कर्ज गोठवलं. साच्यांची वाळू घालणाऱ्यानं गाडी दारातून परत नेली, रोख असेल तर बोला म्हणाला. दोन जुने मोल्डर, साचे घडवणारे, अप्पांच्या हाताखाली तयार झालेले, खाली मान घालून दुसऱ्या फाउंड्रीत गेले. पावसाळ्यापर्यंत कॅन बाजारात आला नाही तर कारखान्याला टाळं, हे उघड होतं. अक्कानं फोनवर यातलं काही सांगितलं नाही. शेजारच्या कारखान्याच्या दस्तगीर मुल्लाणींनी त्रिशलाला कळवलं, आणि वर म्हणाले, बेटा, तुझ्या यंत्रानं पद्माला आजारी म्हणून जाहीर केलं, आता लोक तिला पाणीसुद्धा लांबून देतात.

त्रिशलाला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि कौलाला सरळ विचारलं, का?

यंत्र लपवाछपवी करत नसे, हा त्याचा गुण मान्य करायला हवा. त्यानं सांगितलं, मगदूम कास्टिंग्जची भट्टी दोन वर्षांपूर्वी दोन महिने बंद होती, तरीही त्या काळात माल वेळेवर गेला. बाहेरून ओतीव काम करून घेतल्याचा एका पैशाचा खर्च नाही. बंद भट्टीतून माल निघू शकत नाही, सबब कंपनीची माहिती विश्वासार्ह नाही.

त्रिशलानं कपाळावर हात मारून घेतला. भट्टीचं अस्तर फुटलं होतं त्या वर्षीची गोष्ट. तेव्हा अक्काचा धातू दस्तगीरचाचांच्या भट्टीत वितळला होता. तो पैरा होता. शेतकऱ्यांत चालतो तसा. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. वसाहतीतले बहुतेक जण शेतीतून आलेले, त्यांनी ती रीत भट्टीवर आणली. एकाची भट्टी बिघडली की दुसरा आपली देणार, आणि त्याच्यावर वेळ आली की हा फेडणार. त्याचे पैसे मागणं म्हणजे तोंड दाखवायला जागा न उरणं. त्रिशला त्याच वसाहतीत वाढलेली, पण अर्जात दोन ओळी पैऱ्याच्या लिहाव्यात हे तिला सुचलं नव्हतं. घरातल्या हवेबद्दल कोण अर्जात लिहितं?

तिनं खुलासा लिहिला. चार कारखानदारांची निवेदनं जोडली. कौलानं ते सगळं क्षणात वाचलं.

"खुलासा मान्य आहे. दोष काढून टाकला."

पाकळी डावीकडंच होती.

"मग कौल अजून डावा का?"

"या कंपनीला भांडवल मिळण्याची शक्यता नाही. पुरवठादार आणि कामगार सोडून जात आहेत."

"भांडवल का मिळणार नाही?"

"कौल डावा असल्यामुळे."

त्रिशलानं अगदी सावकाश, शब्द निवडून विचारलं. "भांडवल मिळालं असं धर. कुणीतरी दिलं. मग?"

"तसं धरलं तर कौल उजवा आहे. पण तसं धरण्यास आधार नाही. डाव्या कौलानंतर भांडवल मिळाल्याचं एकही उदाहरण नाही."

तिला आधी हसू आलं आणि मग संताप आला. बारा वर्षं ती लोकांना सांगत आली होती की कौल चुकत नाही. चुकणार कसा? ज्याला डावा म्हटलं त्याचं पाणी तोडायचं, आणि तो वाळला की म्हणायचं, बघा, आम्ही म्हटलंच होतं. डावा कौल घेऊन दारात आलेली अशी किती माणसं तिनं स्वतःच्या गोड भाषेत समजूत घालून घरी पाठवली होती, ते आठवायलाही तिला नको वाटलं.

ती उठून निनाद टिपणीसांच्या खोलीत गेली. टिपणीस तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. कोल्हापूरहून आलेल्या, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मुलीला त्यांनी पहिली नोकरी दिली आणि पुढं पेढीत भागी दिली. ते वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की तुझं म्हणणं तर्काला धरून आहे, पण ते आपण बोलायचं नाही. सल्लागार कौलावर शंका घेतो असं दिसलं तर कौल त्या सल्लागाराच्या सगळ्या अर्जांकडं वाकड्या नजरेनं बघतो. पेढीत एवढी माणसं आहेत, त्यांच्या घरी चुली आहेत. त्रिशलानं विचारलं, पेढीनं अक्काच्या कॅनमध्ये थोडं भांडवल घातलं तर? एकच उदाहरण तर हवंय त्याला. टिपणीसांनी विषय बदलला. पुढच्या आठवड्यात मुंबईत गुंतवणूकदारांचा वार्षिक मेळा होता आणि कौलाच्या यशावर तिथं भाषण होतं त्रिशलाचंच.

भाषण टिपणीसांनी तपासून दिलं होतं. समोर सगळे पैसेवाले बसले होते. बँकांचे, फंडांचे, मंत्रालयाचेही. त्रिशलानं पहिलं पान नीट वाचलं. डावा कौल मिळालेल्यांपैकी आजवर एकही उद्योग तगलेला नाही, हे वाक्य आलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग तिनं कागद घडी करून बाजूला ठेवला.

"यातल्या एकाला तरी आपण पैसे दिले होते का? कुणी दिले असतील तर हात वर करा."

एकही हात वर आला नाही. कुणीतरी खोकलं.

"हातपाय बांधून विहिरीत टाकायचं आणि मग म्हणायचं, याला पोहायला येत नव्हतं. हे मी बारा वर्षं तुम्हाला सजवून सांगत आले. आज बंद. शिरोलीत माझ्या बहिणीचा कारखाना आहे, कौल डावा आहे. मी स्वतः कौलाला विचारलंय, पैसा मिळाला तर उजवा होईल म्हणतो. तुमच्यातला कुणी देणार नाही हे मला माहीत आहे. तुमच्या पैशाशिवाय आम्ही तो कॅन करून दाखवतो. पावसाळ्याआधी बघायला या."

ध्वनिक्षेपक बंद झाला, पण तोवर बोलून झालं होतं. बाहेर जिन्यात टिपणीसांनी तिला गाठलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. तू माझ्या घराला काडी लावलीस, एवढंच म्हणाले. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, भागी सोडल्याचं सांगितलं आणि निघाली. गाडीत बसल्यावर मात्र खंबाटकीपर्यंत ती रडत होती, कारण या माणसाचं तिच्यावर ऋण होतं आणि ते तिनं फेडलं नव्हतं, बुडवलं होतं.

अक्काला कुणीतरी भाषण दाखवलं होतं. त्रिशला दारात आली तेव्हा तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सगळ्या जगाला आवतण दिलंस. कॅन ओतायला धातू हाय का घरात, इचारलंस का मला?"

"नाही अक्का."

"मग आता काय करायचं?"

"पैरा घालायचा," त्रिशला म्हणाली. "फक्त भट्टीचा नाही. सगळ्याचा."

तिचा बेत असा होता. कॅनला लागणारं एकेक काम वसाहतीत कुणी ना कुणी करतच होतं. कुणाकडं भट्टी, कुणाकडं पत्रा वाकवायचं यंत्र, कुणाकडं हवा काढायचा पंप. प्रत्येकानं आपल्या कारखान्याचा एक दिवस द्यायचा, आणि दारात पडलेली धातूची मोड. बदल्यात मगदूम कास्टिंग्ज त्याचा दिवस फेडणार, आणि कॅन चालला तर त्यातलं ते ते काम कायमचं त्याच्याकडंच. आजवर पैरा तोंडी चालला, मिंधेपणानं चालला. आता त्रिशला तो उघड्यावर मांडणार होती, प्रत्येकानं काय दिलं ते साऱ्या जगाला दिसेल असा. डावपेच म्हणा, भांडवल म्हणा, यात सगळं आलं. यंत्राला जे दिसलं नव्हतं तेच तिनं पुढं केलं.

बोलणं सोपं होतं. ती दारोदार फिरली तेव्हा निम्म्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. डाव्या कौलाशी नाव जोडलं तर आमचाही डावा होईल, ही भीती खोटी नव्हती. एक जण तर तिच्या वर्गातला. तो म्हणाला, पुण्यात बसून तूच आम्हाला कौलाचं गुणगान ऐकवत होतीस. तिनं मान खाली घातली आणि पुढच्या दारात गेली. पहिला होकार दस्तगीरचाचांचा आला. त्यांचा मुलगा नको म्हणत होता, बापलेकांची चांगलीच जुंपली, आणि म्हातारा म्हणाला की कारखाना माझ्या नावावर आहे तोवर भट्टी कुणासाठी पेटवायची ते मी ठरवणार. दस्तगीर आले म्हणताना आणखी चार आले. मग आणखी काही. ते दोन मोल्डर मात्र न बोलावता सुट्टीच्या दिवशी येऊन उभे राहिले, आणि अक्कानं त्यांच्या हातात साचे दिले.

पैरा घालणाऱ्यानं जेवण द्यायचं, ही रीत. अक्का जैन, तिच्या घरी सूर्य मावळायच्या आत पंगत उठलीच पाहिजे. त्यामुळे कामाच्या दिवशी वसाहतीत संध्याकाळी एकच धांदल उडायची. गव्हाची गोड हुग्गी, वांग्याची भाजी, भाकरी, आणि अक्का पळी घेऊन दटावतेय, आवरा, दिवस बुडाला. दस्तगीरचाचा म्हणायचे, रोज्यांच्या महिन्यात मी सूर्य मावळायची वाट बघतो आणि ही बाई तो मावळायच्या आत जेव म्हणते, मी सूर्याचं करायचं तरी काय. सगळे हसायचे. त्रिशला हुग्गी वाढता वाढता बघायची आणि तिला वाटायचं, की यंत्राच्या पोटातल्या त्या कोट्यवधी माणसांमध्ये असं हसणारा एकही नव्हता.

पहिली झाकणं साफ वाया गेली. ओतीव धातूत बारीक छिद्रं राहिली, हवा आत शिरायची आणि कॅन गार व्हायच्या ऐवजी ढिम्म बसायचा. वाळूत ओल राहत होती. अक्कानं सगळी झाकणं परत भट्टीत टाकली, पुन्हा ओतली, पुन्हा टाकली. या काळात बहिणी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. अक्का म्हणायची, तू भाषण ठोकलंस म्हणून घाई. त्रिशला म्हणायची, घाई नसती तर टाळंच होतं. दोघींचंही खरं होतं. शेवटी एक झाकण लागलं. चावी फिरवल्यावर कॅनच्या अंगावर घाम धरला, आणि दस्तगीरचाचांनी त्यावर गाल टेकवून डोळे मिटले.

कॅन शाहूवाडीच्या वाडीवर गेले. मे महिना होता. बायकांनी संध्याकाळचं दूध त्यात ओतलं, चाव्या फिरवल्या आणि सकाळी डेअरीची गाडी आली तेव्हा तिथल्या माणसानं दुधात तापमापक बुडवून बघितलं, पुन्हा बुडवलं, आणि दूध घेतलं. एकीनं अक्काचे हात धरले. तिची शेवटची म्हैस विकायची बोलणी झाली होती, ती तिनं त्याच दिवशी मोडली. अक्कानं आयुष्यात कुणापुढं डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. तिथं आणलं, आणि मग त्रिशलावरच खेकसली की रुमाल कुठं ठेवलास.

पाऊस लागला तोवर वाड्यांवरून मागणी इतकी आली की एक भट्टी पुरेना. दुसरी घ्यायची तर पैसा हवा होता, आणि पैऱ्यावर नवी भट्टी येत नसते. नेमक्या त्याच वेळी टिपणीस शिरोलीत उतरले. दमलेले दिसत होते. पेढीतली माणसं निम्मी झाली होती, तरी त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, मुंबईहून निरोप आणलाय. कौलवाली कंपनी म्हणते, पुन्हा अर्ज करा. आता कौल उजवाच पडेल. एक मोठा फंड भांडवल घेऊन तयार आहे, दुसरी भट्टी, नवी शेड, सगळं.

"आणि जुना कौल?" त्रिशलानं विचारलं.

टिपणीसांनी नजर चुकवली. "नवा लागला की जुना पुसला जातो. नियमच आहे तो."

त्रिशलाच्या लक्षात आलं. कौल उजवा झाला की कॅन उजव्या कौलाचं यश ठरणार, आणि डाव्यातून कुणी वाचलं होतं याचा मागमूस उरणार नाही. यंत्र पुन्हा म्हणणार, एकही उदाहरण नाही. गेले काही दिवस तिला रोज फोन येत होते, मालेगावहून, वर्ध्याहून, सगळे डावा कौल लागलेले. उदगीरचा व्यंकट बिरादार तर एक दिवसाआड बोलायचा. तुरीच्या काड्यांपासून तो घराच्या भिंतींचे पुठ्ठे करत होता आणि गावातले चार कारखाने एकत्र आणायची खटपट करत होता. तुमच्याकडं बोट दाखवतो तेव्हाच लोक मला बसू देतात, असं तो म्हणाला होता.

पण कारखाना तिचा नव्हता. एकदा जगाला परस्पर आवतण देऊन झालं होतं. तिनं अक्काकडं बघितलं. अक्काला दुसरी भट्टी हवी होती, अप्पांनाही हवी होती आणि त्यांच्या हयातीत ती झाली नव्हती. अक्कानं कप खाली ठेवला.

"पैसा वाईट नसतो, टिपणीससाहेब. जुना कौल तसाच ठेवून देत असतील तर आज घेतो."

ते जमणार नाही, असं टिपणीस म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. मला बुडीत म्हटलंया त्यांनी. चुकलं असंल तर चुकलं म्हणून कायम लिवलेलं ऱ्हाऊ दे. एका भट्टीवर निघंल तेवढा माल काढतो."

टिपणीस उठले. दारात जरा घुटमळले आणि त्रिशलाला म्हणाले की पेढीनं तेव्हा थोडं भांडवल घालायला हवं होतं. ती म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, पेढीचा एक माणूस एक दिवस पाठवा, पैरा चालू आहे. ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर त्रिशला कॅनच्या ढिगाशी जाऊन बसली. कॅनवर काय छापायचं ते बरेच दिवस अडलं होतं. कौलाला आवडतील अशी वाक्यं तिच्या बोटांना पाठ होती. माणसांना काय सांगायचं, ते विसरल्यासारखं झालं होतं. तिनं अंगणातला खडू घेतला आणि एका कॅनवर लिहिलं, 'आमचा कौल डावा आहे. दूध नासत नाही.' अक्कानं चष्मा लावून वाचलं, आणि तसंच साच्यात कोर म्हणाली, म्हणजे पुसायची बात नको.

ते कॅन मराठवाड्यात पोचले तेव्हा व्यंकट बिरादारचा फोन आला. आवाज जरा चाचरत होता. त्याच्या पुठ्ठ्यांची पहिली खेप निघाली होती, चारही कारखाने आले होते, आणि त्याला एक परवानगी हवी होती.

"ताई, तुमच्या कॅनवरचं पहिलं वाक्य आम्हीबी छापू का? इकडं अजून नऊ-दहा जण मागायलेत."

"छापा की," त्रिशला म्हणाली. "ते काय कुणाच्या बापाचं आहे?"